सगळ्यांचा गळा पोचेल अशी पट्टी

यंदाच्या अंकाचा विषय ‘आधार’ आहे, असं संपादकांनी कळवलं आणि माझ्या मनात आधी गाणीच आली. पश्चिम विदर्भातल्या ख्रिस्ती कुटुंबांत हल्ली भाकरी थापताना, कापूस वेचताना, दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट पाहताना मोबाइलवर येशूची नवी गाणी चालू असतात. साथीला गिटार, की-बोर्ड, ड्रम. शब्द कधी मराठी, बरेचदा हिंदी. आणि धाटणी जगभरातल्या आजच्या ख्रिस्ती संगीताची. कर्ज, आजारपण किंवा मरण यांनी खचलेल्या श्रद्धावंताला ही गाणी नेमकं काय देतात आणि कुठे कमी पडतात, हे जवळून पाहायचं होतं. म्हणून वाशीम जिल्ह्यातल्या शेलूबाजारला गेलो.

चौफुलीवरचं गाव

शेलूबाजार मंगरुळपीर तालुक्यात येतं. अकोल्याकडून मंगरुळपीरला जाणारा आणि मालेगावकडून कारंज्याला जाणारा, असे दोन रस्ते इथे एकमेकांना छेदतात. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, तेव्हापासून त्या महामार्गावर चढण्या-उतरण्याची जागाही इथे आहे. रस्ते मोठे झाले, पण दोन्ही बाजूंच्या शेतांतली गणितं जुनीच आहेत. सोयाबीन आणि तूर ही इथली मुख्य पिकं. मी गेलो तेव्हा सोयाबीन शेंगा धरत होतं आणि गावातला प्रत्येक माणूस आभाळाकडे पाहून बोलत होता. एक पाऊस चुकला किंवा एक जास्त पडला, की वर्ष हातचं जातं. पश्चिम विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांची चर्चा गेली दोन दशकं चालू आहे, आणि त्या चर्चेत वाशीमचं नाव कायम असतं. २०१८ साली केंद्राने देशभरातले मागे पडलेले जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्या यादीतही वाशीम आहे.

इथला ख्रिस्ती समाज अगदी लहान. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात शंभरांमागे एकही ख्रिस्ती भरत नाही, आणि वाशीम जिल्ह्यात तर प्रमाण त्याहून पुष्कळ कमी आहे. पण मुळं जुनी आहेत. वाशीमला इंग्रजी अमदानीत ‘बासिम’ म्हणत. मेथडिस्ट मिशनने तिथे सुरू केलेलं काम १९३०च्या दशकात चर्च ऑफ द नाझरीनकडे आलं. १९३६ साली भारतात आलेल्या डॉ. ऑर्फा स्पायकर यांनी १९३८ मध्ये तिथे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभं केलं. अकोल्याकडे अलायन्स मिशनच्या मराठी मंडळ्या त्याच्याही आधीपासूनच्या. या सगळ्यांनी दवाखाने दिले, शाळा दिल्या आणि गाण्यांची पुस्तकंही दिली.

मोठ्या मंडळ्या शहरांत आहेत. खेड्यांतली कुटुंबं विखुरलेली, एका गावात दोन घरं तर दुसऱ्या गावात चार. त्यांचं आठवड्याचं एकत्र येणं होतं ते घरच्या प्रार्थनेला. शेलूबाजारच्या पंचक्रोशीतल्या अशाच एका घरी शुक्रवारच्या संध्याकाळी मला बोलावणं होतं.

गाण्याची वही

घर दोन खोल्यांचं, वर टिनपत्रं. पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली. एका कोपऱ्यात ढोलक, दुसऱ्यात खुर्चीवर ठेवलेला लहान की-बोर्ड. पंधरा-सोळा माणसं जमली, त्यांत बाया जास्त. पास्टर शेजारच्या तालुक्यातून मोटरसायकलवर यायचे होते, त्यांना उशीर झाला. कोणी कुरकुरलं नाही. घरधनीण बाई फळीवरून एक वही काढून मांडीवर घेऊन बसल्या.

ती वही मी बराच वेळ चाळली. दोनशे पानी, जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाचं वेष्टण घातलेली. आत निळ्या बॉलपेनने लिहिलेली गाणी, प्रत्येकाला क्रमांक. बाई सातवीपर्यंत शिकलेल्या, अक्षर मोठं आणि सरळ. मोबाइलवर गाणं लावायचं, एक ओळ ऐकून थांबवायचं, लिहायचं, पुन्हा लावायचं, अशी एकेका गाण्याला संध्याकाळ जाते, असं त्यांनी सांगितलं. शेवटच्या पानांवर त्यांनी स्वतःच एक अनुक्रमणिका केली आहे. तिचे भाग असे: सकाळची, आजाऱ्याजवळची, लेकराच्या वाढदिवसाची, लग्नाची आणि मातीची. माती म्हणजे मयत. मातीच्या यादीत काही क्रमांकांपुढे तारखा आहेत. कोणत्या दिवशी कोणाच्या दारात ते गाणं म्हटलं गेलं, त्याची ती नोंद.

एका तारखेपुढे नाव नव्हतं. ती त्यांच्या नवऱ्याची होती.

“तेव्हा मले गाणंच म्हनता ये ना,” त्या म्हणाल्या. “बाकीच्या बाया म्हनत, मी नुस्ती बसो. दोन-तीन महिने अशेच गेले. मंग एक दिवस ओठ हालले. आता गाणं म्हनलं का रडू येते, अन् रडलं का झोप लागते.”

गाण्यातल्या आधाराची इतकी नेमकी उकल मला कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती. गाण्याने त्यांचं दुःख पळवून लावलं नाही. गाण्यामुळे त्यांना रडता आलं, आणि रडता आल्यामुळे रात्र निभावली. त्यांना गाता येत नव्हतं त्या काळात दुसऱ्या बाया त्यांच्या वाटचं गात राहिल्या, हेही तितकंच महत्त्वाचं.

टिळकांनी पाडलेली वाट

मराठीत ख्रिस्ताचं गाणं नवं नाही. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या वर्तुळात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. तरी बऱ्याच चर्चमधून परदेशी चालींत बसवलेली भाषांतरित गाणीच जास्त गायली जात. ती भक्तिभावाने गायली जात हे खरं, पण गाणाऱ्याच्या घरातली भाषा त्यांत क्वचितच असे.

हे बदललं ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. त्यांच्या आयुष्याचं वळण विदर्भाच्याच वाटेवर लागलं. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबल वाचायला सांगितलं. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगलं. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. त्या दिवसांची ओढाताण त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये मराठी वाचकाने वाचलेलीच आहे. समाज तुटला, नातेवाईक तुटले, पैशाची ओढ तर कायमची. अशा माणसाने गाणी लिहिली ती अभंगांत, ओव्यांत, भजनांत. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. १९१९ मध्ये ते गेले, पण ‘उपासना संगीत’ या मराठी मंडळ्यांच्या गीतपुस्तकात त्यांची गाणी आजही मोठ्या संख्येने आहेत. त्यांचं अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुरं केलं.

टिळकांच्या काळी तीच समकालीन गाणी होती. पेटी, तबला आणि टाळ चर्चमध्ये आणणं तेव्हा सगळ्यांना रुचलं असेल असं नाही. आज ज्यांना गिटार आणि ड्रमचा आवाज खटकतो, त्यांनी एवढं लक्षात ठेवावं की प्रत्येक पिढी आपली व्यथा आपल्या कानाला ओळखीच्या सुरांत देवापुढे ठेवते. त्या शुक्रवारीही दोन्ही पिढ्या एकाच सतरंजीवर होत्या. सुरुवात टिळकांच्या गाण्याने झाली, तेही पुस्तक न उघडता. त्यानंतर की-बोर्ड सुरू झाला.

कॅलिफोर्नियापासून चौफुलीपर्यंत

ज्याला आज जगभर समकालीन ख्रिस्ती संगीत म्हणतात, त्याची सुरुवात १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत झाली. कॅलिफोर्नियात हिप्पी तरुण मोठ्या संख्येने ख्रिस्ताकडे वळले आणि त्यांनी आपलं रॉक संगीत सोबत आणलं. लॅरी नॉर्मन यांचा ‘अपॉन धिस रॉक’ हा अल्बम १९६९चा. पुढे १९७१ मध्ये मारानाथा म्युझिक ही संस्था निघाली आणि चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून म्हणायची साधी, पुन्हापुन्हा येणाऱ्या ओळींची गाणी जगभर पसरली. ऑस्ट्रेलियातल्या हिलसाँग चर्चने तिथून पुढे मोठी मजल मारली.

आपल्याकडे ही धाटणी आधी शहरांतल्या इंग्रजी मंडळ्यांत आली, मग हिंदीत उतरली आणि हिंदीतून खेड्यांत. कॅसेटच्या काळात एखादी कॅसेट गावभर फिरे. नंतर मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळू लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि मुंबई-पुण्यात सकाळी टाकलेलं गाणं संध्याकाळी शेलूबाजारला वाजू लागलं. पडद्यावर देवनागरीत शब्द उमटत असल्याने पुस्तकाची गरज उरली नाही. बंजारा बोलीतही ख्रिस्ती गाणी निघतात. या जिल्ह्यात बंजारा समाज मोठा आहे, त्यांचं तीर्थक्षेत्र पोहरादेवी याच जिल्ह्यात. आपल्या बोलीतलं गाणं कानावर पडलं की तांड्यावरची म्हातारी माणसंही मान वर करून ऐकतात.

त्या घरी की-बोर्डवर बसलेला मुलगा विशीचा होता. बारावीनंतर शिक्षण थांबलं. दिवसा दुकानात काम, रात्री यूट्यूब पाहून बोटं बसवायची. त्याने जे केलं ते मला फार मोलाचं वाटलं. एक नवं गाणं सुरू झालं. मूळ गायकाने ते चढ्या पट्टीत गायलेलं. पहिल्या कडव्यालाच बायांचे आवाज विरळ झाले, आणि वर जाणाऱ्या ओळीला तर एकटा मुलगाच गात उरला. त्याने हात थांबवला.

“मावशी, पट्टी उतरवू का?”

“उतरव ना बाबू. तिथलोक माहा गळा जात नाही.”

त्याने की-बोर्डवरचं ट्रान्सपोजचं बटण चार वेळा दाबलं, पुन्हा पहिला सूर धरला, मान हलवून ढोलकवाल्याला लय सांगितली. या वेळी खोली भरून गेली. रेकॉर्डिंगमधली चमक गेली होती हे खरं, पण गाणं आता त्या खोलीचं झालं होतं. स्टुडिओतला गायक एकट्यासाठी पट्टी ठरवतो. मंडळीला सगळ्यात थकलेल्या गळ्याचा विचार करून ती ठरवावी लागते.

आणि हे सुरांपुरतंच नाही. शब्दांचीही पट्टी असते.

रडायला जागा

पास्टर आले ते भिजून. प्रार्थनेनंतर चहा घेताना त्यांच्याशी सविस्तर बोलणं झालं. आठवड्याला चार-पाच गावं करणारा हा माणूस. नव्या गाण्यांविषयी त्यांना प्रेम आहे, आणि एक काळजीही. “बरीच गाणी विजयाची आहेत,” ते म्हणाले. “आजार गेला, कर्ज फिटलं, शत्रू हरला. ज्याचं लेकरू आजारातून उठलं तो ते गाणं जोरात म्हणतो. ज्याचं उठलं नाही तो मान खाली घालून उभा राहतो. मले तो दिसते न.”

त्यांची काळजी रास्त आहे, आणि तिला बायबलचाच आधार आहे. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रं विलापाची आहेत. देवा, तू कुठे आहेस, किती दिवस तोंड फिरवणार आहेस, असं सरळ विचारणारी. ८८वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा येतच नाही. तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं गेलं. हजारो वर्षं लोकांनी ते म्हटलं, कारण कोणाच्या तरी आयुष्यात तो दिवस तसाच असतो. प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला फिलिप्पैच्या तुरुंगात मध्यरात्री गायले, ते बेड्या तुटल्यावर नव्हे, पाय खोड्यात असताना.

ज्या गाण्यांनी पिढ्यान् पिढ्या माणसं सावरली, ती बहुतेक अशाच जागी जन्मली. १९३२ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय संगीतकार थॉमस डॉर्सी गाण्यासाठी सेंट लुईसला गेले असताना शिकागोत त्यांची पत्नी बाळंतपणात गेली, आणि पाठोपाठ बाळही. त्या शोकातून ‘प्रेशस लॉर्ड, टेक माय हँड’ आलं. मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते आवडतं गाणं. १९६८ मध्ये किंग यांच्या अंत्यविधीत गायिका महेलिया जॅक्सन यांनी ते गायलं. आजच्या गीतकारांत मॅट आणि बेथ रेडमन यांचं ‘ब्लेसेड बी युवर नेम’ हे त्याच जातीचं आहे. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत राहत असताना, शोकाच्या वेळी म्हणता येतील अशी गाणी चर्चमध्ये कमी आहेत, असं त्यांना जाणवलं. त्या गाण्याचा पाया बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात आहे: देणारा तो आणि नेणाराही तो, तरी त्याच्या नावाचं स्तवन. सुगी आणि ओसाडी या दोन्हींना त्या गाण्यात जागा आहे, म्हणून ते दोन्ही प्रकारच्या माणसांना म्हणता येतं.

मराठीत, वऱ्हाडातल्या अनुभवातून आलेली अशी नवी गाणी मला फार थोडी ऐकू आली. मोडलेली पेरणी, सावकाराचं दार, दवाखान्याचं बिल, लग्नाची पोर घरात, यांतलं काहीही गाण्यात येत नाही. डोंगर, वादळ, समुद्र येतात. शेलूबाजारपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे. मी त्या मुलाला विचारलं, “तू लिहीत का नाहीस?” तो संकोचला. मग मोबाइलमधली एक नोंद दाखवली. चार ओळी होत्या, पावसाने ओढ दिलेल्या जुलैबद्दल, वऱ्हाडी बोलीत. चाल अजून बसलेली नाही, म्हणाला. त्याच्या परवानगीशिवाय त्या इथे देणार नाही, पण त्या चार ओळी खऱ्या आहेत, एवढं सांगतो.

सोबत गाण्याचं बळ

एकट्याने कानात लावून ऐकलेलं गाणं आणि दहाजणांत म्हटलेलं गाणं, यांचा परिणाम वेगळा होतो. श्रद्धावंत माणूस याला देवाचं सान्निध्य म्हणेल. शरीराच्या पातळीवरही काही घडतं. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठाच्या ब्यॉर्न विकहॉफ आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं, की एकत्र गाणाऱ्यांचे श्वास जुळतात आणि त्यामुळे हृदयाचे ठोकेही एका तालात वर-खाली होऊ लागतात. ओळ लांबवायची तर श्वास सावकाश सोडावा लागतो, आणि तसा श्वास सोडला की छाती शांत होते. ऑक्सफर्डमधल्या अभ्यासकांनी २०१५ साली प्रौढांच्या वर्गांची तुलना केली. कुणी हस्तकला शिकत होते, कुणी लेखन, कुणी गायन. अनोळखी माणसं सगळ्यात लवकर जवळ आली ती गायनाच्या वर्गात.

त्या शुक्रवारी हे डोळ्यांसमोर घडत होतं. एक तरुण बाई भिंतीला टेकून गप्प बसली होती. तिचं पहिलं मूल नुकतंच गेलेलं, असं नंतर कळलं. तिला कोणी गा म्हटलं नाही. तिच्या दोन्ही बाजूंना दोन वयस्कर बाया जाणीवपूर्वक बसल्या होत्या आणि तिच्या कानाशीच गात होत्या. निघताना एकीने तिच्या हातात डबा दिला, दुसरीने सोमवारी दवाखान्यात सोबत येते म्हणून सांगितलं.

गाणं संपल्यावर

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. गाणं औषधाची जागा घेत नाही. झोप उडालेला, जेवण टाकलेला, मरणाची भाषा बोलणारा माणूस प्रार्थनेत रडला म्हणून बरा झाला, असं मानणं धोक्याचं आहे. त्याला डॉक्टरकडे नेलंच पाहिजे. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. त्या पास्टरांनी हा क्रमांक आपल्या बायबलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. “प्रार्थना करतो, अन् नंबर पण लावून देतो,” ते म्हणाले. प्रत्येक पाळकाने तेवढं करावं.

नवी ख्रिस्ती गाणी आशा देतात, यात मला शंका उरलेली नाही. सातवीपर्यंतच शिकलेल्या बाईच्या हातात ती पोचली आहेत, एकाकी घरांना त्यांनी जोडलं आहे, शिक्षण थांबलेल्या मुलाच्या बोटांना त्यांनी काम आणि मान दिला आहे. पण आशा टिकते ती खऱ्या दुःखाचं नाव घेणाऱ्या गाण्यात, आणि शेजारी बसून ते म्हणणाऱ्या माणसात. टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी आपल्या मातीच्या भाषेत हे करून दाखवलं. आता ते काम या पिढीचं आहे, आणि वऱ्हाडातल्या मंडळ्यांनी आपल्या मुलांना त्यासाठी वेळ, पेटी आणि धीर द्यायला हवा.

दिवाळी सरली की नाताळच्या कॅरोल पार्ट्यांची तयारी सुरू होईल. ज्या घरात यंदा मरण झालं, ते घर सुतकाचं म्हणून बरेचदा वगळलं जातं. माझी विनंती एवढीच, की या वर्षी आधी त्याच घरी जा. गाऊ का, म्हणून विचारा. हो म्हणाले तर ढोलक बाजूला ठेवा, पट्टी उतरवा आणि त्यांना झेपेल असं एक गाणं म्हणा. नको म्हणाले तर नुसते थोडा वेळ बसा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा.